बिल्ला बोलतो!

नागपूरजवळच्या कामठीत १८२१ मध्ये लष्करी छावणी वसली. आज तेथे 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या पलटणीचे केंद्र आहे. अशा गावी जुन्या पेटीत किंवा भंगारात कधी कधी सैनिकाच्या टोपीवरचा पितळी बिल्ला सापडतो. तो तुम्हांला मिळाला, तर घासायची घाई करू नका. आधी नीट पाहा.

भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर मुकुट असेल, तर तो बहुधा १९५० पूर्वीचा समजावा. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

बिल्ल्यावर बनवणाऱ्याचे नाव नसेल, तर तो उलटा करा. पत्र्यावर पोलादी ठसा दाबून केलेला बिल्ला मागून पुष्कळदा खोलगट असतो. वाळूच्या साच्यात ओतलेला बिल्ला खरखरीत लागतो. त्यावर बारीक खड्डे दिसतात. ठशाला चरा पडला असेल, तर पुढच्या प्रत्येक बिल्ल्यावर तीच खूण उमटते. नाव असलेल्या दुसऱ्या बिल्ल्यावर तशीच खूण आढळली, तर बनवणाऱ्याचा माग लागतो. मागच्या कड्याही ताडून पाहा.

घरची पितळी भांडी आपण चिंचेने लख्ख करतो. बिल्ल्याला मात्र चिंच, लिंबू किंवा राख लावू नका. आंबट रस धातू खातो. राखेने बारीक रेघा झिजतात आणि मुलामा निघतो. मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून मळ हलकेच काढा व लगेच सुती कापडाने टिपा. मीनाकाम असेल, तर पाणीही टाळा.

बिल्ला थोडा काळा राहिला तरी चालेल; त्यावरची खूण पुसली, तर ती परत येत नाही.