गाडी मध्येच थांबली? आधी स्टिअरिंग फिरवा

मागच्या वेळी आपण मोटर आणि गिअर बघितले, आज रिमोटच्या गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स. आमच्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते. टेबलावर गाडी मस्त चालते, मैदानात नेली की मध्येच बंद पडते. बरोबर निदानही तयार असतं: रिसीव्हर गेलाय, नवीन घ्यायचा. थांबा जरा. गाडी बंद पडेल त्या क्षणी ट्रिगर सोडा आणि स्टिअरिंग फिरवून बघा.

चाकं वळली, तर रिसीव्हर जिवंत आहे, सिग्नलही पोचतोय. मग मोटरचा पुरवठा बहुधा ईएससीनं, म्हणजे स्पीड कंट्रोलरनं, तोडलाय. एक तर तो तापलाय, नाहीतर बॅटरीचं व्होल्टेज उतरलंय. दोन सेलची लिपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. सेलमागे साधारण ३ ते ३.२ व्होल्टला ईएससी मोटर थांबवतो. काही ईएससींवर बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा जंपर असतो, तो नक्की बघा. लिपो लावली आणि जंपर निकेलवर राहिला, तर मोटर वेळेत थांबत नाही आणि सेल खराब होतात. फुगलेला सेल पुन्हा चार्जरला लावायचा नाही. आग लागू शकते.

आता दुसरी शक्यता, आणि खरी गंमत इथेच आहे. स्टिअरिंगही मेलं. लोक इथे रेडिओला दोष देतात, पण रिसीव्हरला वीज कुठून मिळते? ईएससीतल्याच बीईसी नावाच्या भागातून, ५ किंवा ६ व्होल्ट. टेबलावर चाकं हवेत फिरतात, करंट कमी लागतो. मैदानात जोर लावला की तीच मोटर ४० अँपिअरही ओढू शकते. कनेक्टरचा डाग कच्चा असेल, समजा ०.०५ ओहम, तर तिथेच २ व्होल्ट गेले! त्याच वेळी सर्व्होनं जोर लावला, की बीईसीकडे द्यायला उरत नाही आणि रिसीव्हर क्षणभर झोपतो. म्हणून गाडी फिरवून आल्यावर कनेक्टरला हात लावून बघायचा. वायरपेक्षा तो गरम असेल तर डाग नव्याने द्या.

कनेक्टर थंड आहे? मग सर्व्होची पिन काढून गाडी सरळ पळवा, मोकळ्या जागेत आणि हळू. आता बंद पडत नसेल, तर सर्व्हो जास्त ओढतोय. बहुतेकदा स्टिअरिंगचा सांधा अडकलेला असतो. तरीही बंद पडली, तर ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली लाल तार बाहेर काढून तिला टेप लावा आणि रिसीव्हरला चार पेन्सिल सेलची वीज द्या. लाल तार तशीच ठेवू नका, दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात. असं केल्यावर गाडी नीट चालली, तर दोष बीईसीचा.

हे सगळं करूनही फरक पडला नाही, तर मग अँटेना. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरच्या तारेचं शेवटचं, आवरण काढलेलं ३१ मिलिमीटरचं टोक हीच खरी अँटेना. ते तुटलेलं किंवा कार्बनच्या चॅसिसला चिकटलेलं नसावं.

आणि मैदानात उतरायच्या आधी चाकं उचलून, थोडा ट्रिगर दाबूनच रिमोट बंद करा. मोटर थांबायलाच हवी. थांबत नसेल, तर आधी फेलसेफ लावून घ्या.