पायाच्या पार्किंग ब्रेकवर कव्हर बसवताय?

काही जुन्या टोयोटा प्रियस किंवा मर्सिडीज गाड्यांमध्ये पार्किंग ब्रेक हाताने ओढायचा नसतो, डाव्या पायाने दाबायचा असतो. बाजारात मिळणारं ॲल्युमिनियमचं कव्हर त्या पेडलवर झकास दिसतं. पण नुसतं चिकटवलेलं किंवा वरून अडकवलेलं नको. हे पेडल जोर लावून दाबतात. कव्हर सैल होऊन सुटलं आणि शेजारच्या मुख्य ब्रेकखाली गेलं, तर तो ब्रेक पुरता दाबलाच जात नाही. मागून पट्टी लावून नट-बोल्टने आवळावं. मग पेडल तळापर्यंत दाबून सोडून बघावं: कुठे घासत नाही ना, सोडल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो ना. पावसाळ्यात ओल्या चपलेखाली गुळगुळीत धातू सटकतोच, म्हणून रबरी ठिपक्यांचंच घ्यावं.