संदर्भनिर्देश, वैद्यकीय शोधनिबंधांतील

वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवावयाच्या शोधनिबंधात इतरांच्या लेखनातून घेतलेले निष्कर्ष, आकडे वा पद्धती यांचे मूळ स्थान वाचकास दाखवून देण्याची नियमबद्ध रीत. तिची दोन अंगे आहेत : मजकुरात त्या त्या ठिकाणी केलेला त्रोटक निर्देश व निबंधाच्या शेवटी दिलेली तपशीलवार संदर्भसूची. मजकुरातील प्रत्येक निर्देशाची सूचीत नोंद असावी लागते आणि मजकुरात न आलेले लेखन सूचीत घालता येत नाही. या दुसऱ्या बाबतीत ती सामान्य ग्रंथसूचीहून वेगळी ठरते [⟶ ग्रंथसूची]. औषधाची मात्रा, शस्त्रक्रियेतील धोका किंवा लशीचा परिणाम यांविषयीच्या विधानावर पुढे रुग्णांवरील उपचार ठरावयाचे असतात. असे विधान कशाच्या आधारे केले आहे, हे दूरस्थ वाचकास तपासता यावे हाच संदर्भनिर्देशाचा हेतू होय.

प्रचलित पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिलीत लेखकाचे आडनाव व प्रसिद्धीचे वर्ष मजकुरातच कंसात देतात आणि सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लावतात. हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये बिनशंखी गोगलगाईवरील एका निबंधात ही रीत वापरली. त्यावरून तिला हार्व्हर्ड पद्धती हे नाव मिळाले. दुसरीत मजकुरात केवळ क्रमांक घालतात व ज्या क्रमाने संदर्भ प्रथम येतात त्याच क्रमाने सूची रचतात. तोच संदर्भ पुन्हा आल्यास त्याचा पहिलाच क्रमांक कायम राहतो. क्रमांकांमुळे वाचनाचा ओघ खंडित होत नाही व जागाही वाचते. मात्र मधेच एक संदर्भ वाढला, की पुढील सर्व क्रमांक बदलतात. टंकलेखनयंत्राच्या काळात हे काम फार जिकिरीचे होते. आता ते संगणक करतो.

वैद्यकात क्रमांक पद्धती स्थिरावली, तिला व्हँकूव्हर पद्धती म्हणतात. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाचे नियम निराळे असत. एका संपादकाने परत पाठविलेला निबंध दुसऱ्याकडे पाठविण्यापूर्वी सबंध सूची नव्याने टंकलिखित करावी लागे. या त्रासावर उपाय शोधण्यासाठी जानेवारी १९७८ मध्ये काही सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले. त्यांनी ठरविलेले समान नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांतील संदर्भांचा नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने सिद्ध केला होता. पुढे या गटाची वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. २०१३ मध्ये तिने या नियमावलीचे नाव बदलून ‘शिफारशी’ असे केले व संशोधन-नीतीच्या प्रश्नांना तीत मोठे स्थान दिले.

नोंदीची रचना एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाची नोंद देवनागरीत उतरविल्यास अशी होईल : वकील आरजे. अ क्लिनिकल ट्रायल ऑफ राउवोल्फिया सर्पेंटिना इन इसेन्शियल हायपरटेन्शन. ब्रि हार्ट ज. १९४९;११(४):३५०-५. यात प्रथम आडनाव व त्यापुढे पूर्णविरामाविना आद्याक्षरे येतात. नंतर निबंधाचे संपूर्ण शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम व शेवटी पृष्ठे. ‘३५०-५’ म्हणजे ३५० ते ३५५. सहापेक्षा अधिक लेखक असल्यास सामान्यतः पहिल्या सहांची नावे देऊन पुढे ‘व इतर’ या अर्थाचा लॅटिन संक्षेप लिहितात. नियतकालिकाचे नाव लेखकाने मनाने आखडावयाचे नसते, राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने मान्य केलेले रूपच घ्यावयाचे असते. लॅन्सेटसारखे एकशब्दी नाव आखडीत नाहीत. तसेच प्रसिद्धीच्या वेळचेच नाव द्यावे लागते : ब्रिटिश हार्ट जर्नल १९९६ पासून हार्ट या नावाने निघते, तरी वकील यांच्या निबंधाच्या नोंदीत जुनेच नाव राहते. ग्रंथाच्या बाबतीत आवृत्ती, प्रकाशनस्थळ व प्रकाशक, तर संकेतस्थळाच्या बाबतीत ते पाहिल्याची तारीख नोंदवितात. खाजगी पत्रव्यवहारातून मिळालेली माहिती सूचीत येत नाही. अगदी अपरिहार्य असल्यास संबंधिताच्या लेखी अनुमतीने मजकुरातच कंसात तिचा उल्लेख करतात.

विरामचिन्हांचा हा काटेकोरपणा नवोदितांना जाचक वाटतो, पण नोंदीतील घटकाची जागा चुकली, तर काय होते याचे एक मासलेवाईक उदाहरण आहे. प्राग येथील विकृतिवैज्ञानिक यारोस्लाव्ह ह्‌लाव्हा यांनी १८८७ मध्ये आमांशावर चेक भाषेत एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक ‘ओ ऊप्लावित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’, असे होते. जर्मन नियतकालिकात त्याचा सारांश आला, तेव्हा शीर्षकच लेखकाचे नाव समजले गेले आणि ‘ओ. ऊप्लावित्सी’ नावाचा संशोधक अस्तित्वात आला. मूळ लेख न पाहता एकाने दुसऱ्याची नोंद उतरवून घेतल्याने तो सुमारे पन्नास वर्षे वैद्यकीय वाङ्‌मयात वावरला. ब्रिटिश जीववैज्ञानिक क्लिफर्ड डोबेल यांनी १९३८ मध्ये त्याचा मृत्युलेखच प्रसिद्ध करून हे प्रकरण संपविले.

या चुकीने रुग्णांची हानी झाली नाही. नोंद बिनचूक असून तिचा अर्थ मात्र विपरीत लावला गेला, तर परिणाम अधिक गंभीर असतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये १९८० साली जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात असताना अफूजन्य वा तत्सम वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या चौघांतच व्यसनाधीनता आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांविषयी त्यात काहीच नव्हते. तरीही अशा औषधांचे व्यसन क्वचितच लागते, या मतास आधार म्हणून ते पुढे केले जाऊ लागले. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचा निर्देश करणारी ६०८ लेखने तपासली. त्यांपैकी ४३९ लेखनांत (७२·२ टक्के) ते व्यसनाधीनता विरळा असल्याचा पुरावा म्हणून आले होते. रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते ही गोष्ट ४९१ लेखनांत (८०·८ टक्के) नमूद नव्हती. उत्तर अमेरिकेतील वेदनाशामकांच्या व्यसनाच्या साथीला असल्या निर्देशांनी हातभार लावला, असे या संशोधकांचे मत आहे. वस्तुतः योग्य रीतीने लिहिलेली नोंद येथे वाचकाला सावध करू शकली असती : ३०२(२):१२३. आरंभपृष्ठ व अंत्यपृष्ठ वेगळी नाहीत, यावरूनच हा सविस्तर निबंध नव्हे हे कळते. नोंदीत कंसात ‘पत्र’ असे लिहिण्याची सोयही व्हँकूव्हर पद्धतीत आहे. ती दुर्दैवाने थोडेच लेखक वापरतात.

मागे घेतलेल्या निबंधांचा प्रश्नही असाच आहे. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला. असे निबंध केवळ ते मागे घेतल्याचे सांगण्यासाठीच निर्देशावेत व आपल्या सूचीतील एखादा निबंध मागे घेतला गेला आहे काय, हे लेखकाने स्वतः पाहावे, असे संपादक समितीचे सांगणे आहे. भाषिक संगणकप्रणाली मागणीनुसार सूची तयार करून देतात. तीतील काही नोंदी रचनेने निर्दोष, पण प्रत्यक्षात कधीच न लिहिल्या गेलेल्या निबंधांच्या असतात. म्हणून हस्तलिखित पाठविण्यापूर्वी प्रत्येक नोंद मूळ निबंधाशी ताडून पाहतात. त्या वेळी अंकीय वस्तु-अभिज्ञापक, म्हणजे प्रकाशित लेखास दिला जाणारा कायम स्वरूपाचा क्रमांक, उपयोगी पडतो. परंतु त्याने मूळ लेख सापडतो इतकेच, तो वाचण्याचे काम लेखकाकडेच राहते.