फ्रेंच क्रियापदाचा परिचय : लेखांक चौदावा – अपूर्णभूत संभावनार्थ

गेल्या लेखांकात साध्या भूतकाळाची रूपे आपण एकेक करून पाहिली, आणि जो काळ आजचा फ्रेंच माणूस बोलताना सहसा वापरीत नाही त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, अशी शंका त्या वेळी वाचकाच्या मनात डोकावली असेल, तर तिचे निरसन आजच्या विषयात आहे. कारण ज्याचे नाव काढताच खुद्द फ्रान्समधील सुशिक्षितांच्याही कपाळाला आठ्या पडतात असा हा अपूर्णभूत संभावनार्थ त्या साध्या भूतकाळाच्याच पोटी जन्मास आलेला आहे, आणि जन्मदात्याशी ज्याचा नीट परिचय झाला आहे त्याला अपत्याची ओळख पटण्यास घटकाभरही लागू नये. या रूपाची दुष्कीर्ती मला तरी अवास्तव वाटते. फ्रेंच क्रियापदांच्या अफाट पसाऱ्यात, जेथे नियमामागोमाग अपवादांची रांग लागलेली असते, तेथे इतकी निरपवाद रचना क्वचितच सापडेल.

रचना अशी. साध्या भूतकाळातील द्वितीय पुरुषाचे एकवचनी रूप घ्यावे. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचे ते रूप 'त्यू पार्ला', तू बोललास. लिहिताना या रूपाच्या अंती 'एस' हे अक्षर असते, परंतु ते मुके. ऐकू येते ते नुसते 'पार्ला'. आता त्या मुक्या 'एस'ला दुसऱ्या 'एस'ची जोड देऊन पुढे पुरुषवाचक प्रत्यय लावले, की जो वर्ण आजवर मुका होता त्याला वाचा फुटते : क झ पार्लास, क त्यू पार्लास, क नू पार्लासियों, क वू पार्लासिये, आणि तृतीय पुरुषी बहुवचनात किल पार्लास. 'फिनिर' म्हणजे संपविणे, त्याचे 'फिनी' आणि त्यावरून 'फिनिस'. 'एत्र' म्हणजे असणे, त्याचे 'फ्यू' आणि 'फ्यूस'. 'आव्वार' म्हणजे जवळ असणे, त्याचे 'यू' आणि 'यूस'. 'वनीर' म्हणजे येणे, त्याचे 'वँ' आणि 'वँस'. मूळ धातू कितीही वाकडातिकडा असो, त्याचे सारे वाकडेपण साध्या भूतकाळातच संपून जाते आणि येथे नव्याने पाठ करण्याजोगे काहीही उरत नाही. 'फिनिर'च्या वर्गात एक गैरसोय मात्र आहे : वर्तमान संभावनार्थाची रूपेही अक्षरशः हीच असल्यामुळे, तृतीय पुरुषी एकवचन वगळता, वाक्यातील मुख्य क्रियापदाकडे पाहिल्याखेरीज काळाचा निर्णय होत नाही.

ते तृतीय पुरुषी एकवचन या रूपावलीतील खरे मर्मस्थान होय. तेथे 'स'कार मुळीच नाही. अंत्य स्वरावर टोपीसारखे कोनाकार चिन्ह येते, ज्यास फ्रेंचमध्ये 'सिर्कोंफ्लेक्स' म्हणतात, आणि त्यापुढे मुका 'टी'. म्हणजे 'तो बोलला' हे साध्या भूतकाळातील 'पार्ला' आणि संभावनार्थी 'पार्ला' कानाला सर्वस्वी एक. 'तो होता' या अर्थाचे 'फ्यू' आणि संभावनार्थी 'फ्यू' यांच्यामधील अंतर तर केवळ त्या टोपीचे. ही टोपी शोभेची नव्हे. जुन्या फ्रेंचमध्ये या ठिकाणी 'एस' होता. तो उच्चारातून केव्हाच लोपला तरी कागदावर रेंगाळत राहिला, आणि फ्रेंच अकादमीच्या कोशाची तिसरी आवृत्ती १७४० साली निघाली तेव्हा अशा असंख्य मृत 'एस'कारांची जागा या चिन्हाने घेतली. पुढे १९९० साली लेखनसुधारणा झाली व कित्येक शब्दांच्या माथ्यावरील टोपी ऐच्छिक ठरली. पण या क्रियारूपावरील टोपीला कोणी हात लावला नाही, कारण ती काढली तर दोन निराळे अर्थ कागदावरही एकमेकांत मिसळून जातील. मुळात ही सर्व रूपे लॅटिनच्या अपूर्णभूत संभावनार्थापासून आलेली नाहीतच. ती आली पूर्णभूत संभावनार्थापासून, 'आमाविस्सेम'चा संकोच 'आमास्सेम' आणि त्याचे फ्रेंच 'एमास' अशा वाटेने.

आता उपयोग. मराठीत 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' आणि 'त्याने यावे अशी माझी इच्छा होती' या दोन वाक्यांत 'यावे' जागचे हलत नाही. भूतकाळाचा सारा भार एकटे 'होती' वाहते. फ्रेंचचा जुना शिरस्ता असा, की मुख्य वाक्य भूतकाळात गेले की गौण वाक्यानेही त्याच्यामागोमाग गेले पाहिजे. 'झ वो किल विएन', त्याने यावे अशी माझी इच्छा आहे. पण 'झ वूले किल वँ', त्याने यावे अशी माझी इच्छा होती. येथे नावातील 'भूत' या पदाने दिशाभूल होऊ देऊ नये. त्याचे येणे घडून गेलेले नाही. इच्छेच्या क्षणी ते भविष्यातच होते, आणि कदाचित कधीच घडलेही नसेल. गौण क्रिया मुख्य क्रियेच्या आधीच उरकलेली असेल, तर मात्र हेच 'यूस' किंवा 'फ्यूस' साहाय्यक म्हणून घेऊन पुढे धातुसाधित जोडावे लागते : 'झ रग्रेते किल फ्यू वन्यू', तो आला होता याची मला खंत वाटत होती.

इच्छा, भीती, खेद, आवश्यकता यांच्याबरोबर हे रूप येते हे सहज पटते. परंतु 'बियँ किल फ्यू मालाद', तो आजारी होता तरी, या वाक्यातील आजार अगदी खरा, त्यात संभावनेचा अंशही नाही; तरीही 'बियँ क' या अव्ययाने संभावनार्थाची मागणी केली की ती पुरवावीच लागते. 'आवाँ क', म्हणजे 'पूर्वी', याचीही मागणी तीच. उलट 'आप्रे क', म्हणजे 'नंतर', याला साधा स्वार्थच हवा. बोलणाऱ्या फ्रेंच मंडळींना मात्र 'पूर्वी'ची सवय 'नंतर'लाही जडलेली असल्यामुळे 'आप्रे किल फ्यू पार्ती', तो निघून गेल्यानंतर, या निर्दोष वाक्यातील 'फ्यू'वर नको ती टोपी चढविलेली छापील पुस्तकांतूनही आढळते. फ्रेंच मजकुराची मुद्रिते तपासण्याचा प्रसंग कोणावर आलाच तर त्याने प्रथम हे स्थळ पाहावे.

साधा भूतकाळ बोलण्यातून उठला तेव्हाच त्याच्या या अपत्याचे भवितव्य ठरले. सरकारदरबारी या ऱ्हासाची नोंद झाली ती २६ फेब्रुवारी १९०१ रोजी, जेव्हा शिक्षणमंत्री झॉर्झ लेग यांच्या हुकुमान्वये परीक्षार्थींना काही व्याकरणविषयक सवलती मंजूर करण्यात आल्या. मुख्य क्रियापद वर्तमान संकेतार्थात असेल, म्हणजे 'त्याने यावे असे मला वाटेल' अशा धर्तीचे वाक्य असेल, तर अपूर्णभूताऐवजी वर्तमान संभावनार्थ चालवून घ्यावा, एवढीच ती मुभा होती. भूतकाळी वाक्यांवर जुना अंमल कायम राहिला. तोही २८ डिसेंबर १९७६ च्या हुकुमाने सैल झाला आणि 'झ वूले किल विएन' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत असे ठरले. हुकूम निघण्यापूर्वी कित्येक दशके लोक तसेच बोलत आले होते, हे सांगणे नकोच. वहिवाट आधी आणि दप्तरी दाखला मागाहून, हा क्रम भाषेच्या बाबतीत सर्वत्र आढळतो.

या रूपाच्या ऱ्हासाला त्याचा नादही कारण झाला असावा. फ्रेंचमध्ये 'आस' हा प्रत्यय हीनत्वदर्शक आहे; 'पापरास' म्हणजे निरुपयोगी कागदांची रद्दी, 'विनास' म्हणजे कदान्नासारखी हलकी दारू. त्यामुळे 'पार्लास', 'पार्लासियों' ही रूपे गंभीर प्रसंगीही हसू आणतात. 'साव्वार', म्हणजे जाणणे, याचे 'स्यूस' हे रूप तर चोखणे या अर्थाच्या क्रियापदाशी उच्चाराने हुबेहूब जुळते, आणि 'मी जाणावे' असे म्हणू पाहणाऱ्या वक्त्याची भर सभेत काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. 'असासिने', म्हणजे खून करणे, याचे 'असासिनासिए' हे रूप विनोदी लेखकांचे आवडते. आल्फोंस आले यांच्या नावावर चालणारी एक प्रेमविलापिका असल्याच रूपांच्या गमतीवर उभी आहे. आल्बेर काम्यूच्या 'ला श्यूत' (१९५६) या कादंबरीतला निवेदक, पॅरिस सोडून ॲम्स्टरडॅमच्या एका मद्यगृहात बसणारा माजी वकील, आपल्या तोंडून निघालेल्या या रूपाने समोरचा श्रोता दचकला हे हेरतो आणि या अर्थाचे आपल्याला मोठे वेड असल्याची कबुली देतो. त्या माणसाचा दंभ आणि त्याची सुसंस्कृतता एकाच क्रियारूपातून वाचकाला दिसते. फ्रेंच न जाणणाऱ्यास अनुवादातून हे कसे कळावे?

तृतीय पुरुषी एकवचन मात्र या साऱ्या उपहासातून बचावले, कारण त्याच्या नादात 'स'काराचा तो ठसका नाही. लिखित गद्यात 'फ्यू', 'यू', 'वँ' आजही भेटतात, आणि काही ठरीव प्रयोगांत तर हे रूप बोलण्यातही टिकले आहे : 'न फ्यू-स क', म्हणजे 'निदान तरी', 'द्यूतिल', म्हणजे 'त्याला करावे लागले तरीही', 'प्ल्यूता द्यो', म्हणजे 'देव करो आणि'. क्लिओपात्राच्या नाकासंबंधीचे पास्कालचे जगप्रसिद्ध वचन ज्या अटीने सुरू होते ती अटही याच घराण्यातली, साहाय्यक 'यू' व धातुसाधित यांनी बनलेली. आपल्या 'असते तर'चे काम ती करते.

तेव्हा शिकणाऱ्याने श्रम कोठे खर्चावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सहाही रूपे वाचताना ओळखता आली पाहिजेत. लिहिताना तृतीय पुरुषी एकवचन वापरण्यास हरकत नाही. बोलताना मात्र वर्तमान संभावनार्थानेच भागवावे, नाहीतर ऐकणारा आपल्या व्याकरणाचे कौतुक करीत बसेल आणि आपले म्हणणे बाजूला राहील. मराठीच्या घडणीवरील झ्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ ज्यांना मूळ फ्रेंचमध्ये वाचण्याची उमेद आहे, त्यांना त्या पिढीचे विद्वद्गद्य या रूपाच्या ओळखीवाचून नीट उलगडणार नाही. सरावासाठी फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'चे कोणतेही एक प्रकरण घ्यावे, टोपी असलेल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी, आणि ते रूप कोणत्या अव्ययाने किंवा कोणत्या मुख्य क्रियापदाने मागितले ते समासात लिहावे. पुढील लेखांकात संकेतार्थ घ्यावयाचा आहे; त्यासाठी 'यूस' आणि 'फ्यूस' यांची सहाही रूपे वाचकांनी मुखोद्गत करून ठेवावीत.