कॉफीचा मळा, पक्षी आणि पाहुणे: चिखलदऱ्यासाठी जमैकाचा धडा

महाराष्ट्रात कॉफीचा विषय निघाला की अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे नाव घ्यावे लागते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर वसलेले हे थंड हवेचे ठिकाण इंग्रज राजवटीत नावारूपाला आले आणि त्याच काळात येथे कॉफीची झुडपे रुजली. आज येथे येणारा पर्यटक गाविलगड किल्ला, पंचबोल व भीमकुंड पाहतो आणि परत निघताना कॉफीची पूडही विचारतो. लागवड मात्र थोड्याच बागांपुरती राहिली आहे. पर्यटनाने या बागांचे भले होईल की नुकसान, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांनी आताच हाती घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधताना कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटाचा अनुभव उपयोगी पडतो.

ब्लू माउंटनचे वैभव आणि त्याचा आधार

जमैकात कॉफी 1728 मध्ये माजी गव्हर्नर सर निकोलस लॉज यांनी आणली. बेटाच्या पूर्वेकडील ब्लू माउंटन पर्वतराजीत, साधारण 900 ते 1,700 मीटर उंचीवर पिकणारी अरेबिका कॉफी जगातील महागड्या कॉफींत गणली जाते. लाकडी पिंपांत भरून ती निर्यात होते. तिचा सर्वांत मोठा ग्राहक दीर्घकाळ जपान राहिला आहे. 2008 च्या जागतिक मंदीत जपानी खरेदीदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका तेथील लहान उत्पादकांना प्रकर्षाने जाणवला.

डोंगरावर येणारा पर्यटक हा या उत्पादकांचा दुसरा आधार आहे. 2,256 मीटर उंचीच्या शिखरावरून सूर्योदय पाहण्यासाठी लोक रात्रीच चढू लागतात. काही बागा पाहुण्यांना फळतोडणीपासून भाजणीपर्यंतची प्रक्रिया दाखवतात आणि जागेवरच कॉफी विकतात. 2015 मध्ये ब्लू अँड जॉन क्रो माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसा स्थळ ठरले. कॉफी, अरण्य आणि पर्यटन या तिघांचा पाया तेथे एकच डोंगर आहे.

जाळीखालची झुडपे

या डोंगराला 1978 पासून एका कीटकाने ग्रासले आहे. कॉफीचे फळ पोखरणारा हा भुंगेरा शास्त्रीय भाषेत हायपोथेनेमस हॅम्पेई म्हणून ओळखला जातो. मादी जेमतेम दीड ते पावणेदोन मिलिमीटर लांबीची असते. ती फळाच्या टोकाला छिद्र पाडून आत शिरते, बियांत अंडी घालते, आणि अळ्या बी खातच वाढतात. नराला उडता येत नाही. तो फळातच जन्मतो व तेथेच मरतो. कीड जवळजवळ सारे आयुष्य फळाच्या आत काढत असल्यामुळे फवारणीचा प्रभाव तिच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही.

जमैकातील चार बागांमध्ये 2005-06 च्या हंगामात संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही झुडपांवर पक्षी शिरू शकणार नाहीत अशी जाळी घातली, शेजारची झुडपे उघडी ठेवली. जाळीखालच्या झुडपांवर भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव लक्षणीय वाढला. पक्ष्यांनी वाचवलेल्या कॉफीचे मूल्य हेक्टरी सुमारे 44 ते 105 डॉलर निघाले. भुंगेरे टिपणाऱ्या या पक्ष्यांत उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यात येणाऱ्या वटवट्यांचा वाटा मोठा होता. बागेतील मोठी झाडे आणि भोवतालचे रान हा त्यांचा निवारा. याच पक्ष्यांना पाहण्यासाठी पर्यटकही दूरवरून येतात. म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेले झाड बागायतदाराच्या पिकाचेही रक्षण करते. तेच झाड वाहनतळासाठी तोडले, तर दोन्ही उत्पन्नांना एकदम धक्का बसतो.

चिखलदऱ्यात काय जपायचे

चिखलदरा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यात आहे. या प्रकल्पाची स्थापना 1974 ची. दुर्मीळ वन पिंगळा याच अरण्यात आढळतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडून पर्णवटवट्ये येतात. येथील कॉफीची खरी पुंजी हे रान आहे. पर्यटन वाढले की जागेचा भाव चढतो, खोल्या बांधल्या जातात आणि सर्वांत आधी कुऱ्हाड सावलीच्या झाडांवर पडते. त्याची किंमत कीटकशास्त्राच्या भाषेत नेमकी सांगता येते.

भारतातील अरेबिकाचा प्रमुख शत्रू पांढरा खोडकिडा आहे. त्याची मादी ऊन लागणाऱ्या खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी खोड आतून पोखरते, खोडावर उंचवटे दिसू लागतात, पाने पिवळी पडतात आणि तरुण झाड मरते. म्हणून सावली उठलेल्या बागेत हा किडा बळावतो. याउलट अतिदाट, कोंदट सावलीत फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला पोषक ओलावा मिळतो. यास्तव सावली गाळीव हवी. उंबर, जांभूळ, फणस यांसारखी देशी झाडे राखावीत, पावसाळ्यापूर्वी त्यांच्या फांद्या विरळ कराव्यात आणि कॉफीच्या झुडपांचीही नियमित छाटणी करावी. उंबराची फळे पक्ष्यांना बागेत टिकवून ठेवतात.

खोडकिड्यासाठी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-डिसेंबर हे भुंगेरे बाहेर पडण्याचे काळ लक्षात ठेवावेत. त्यापूर्वी उंचवटे असलेली झाडे शोधून उपटावीत व जाळावीत. मुख्य खोडाची सुटी साल काथ्याने घासून काढावी आणि खोडाला 10 टक्के चुन्याचे द्रावण लावावे.

फळ पोखरणारा भुंगेरा भारतात प्रथम 1990 मध्ये नीलगिरीतील गुडलूर येथे आढळला. कच्च्या फळांतून, न भाजलेल्या बियांतून आणि वापरलेल्या पोत्यांतून तो दूर जातो. दक्षिणेतील मळ्यातून हौसेने आणलेली फळे किंवा जुनी पोती चिखलदऱ्याच्या बागेत येऊ देऊ नयेत. भाजलेल्या कॉफीपासून हा धोका नाही. बागेत दर पंधरवड्याला फळांची टोके तपासावीत आणि मिथेनॉल-इथेनॉल मिश्रणाचे सापळे लावून कीड आहे का ते पाहावे. तोडणीच्या वेळी झुडपाखाली कापड अंथरावे, जमिनीवरील व झुडपावरील एकही फळ मागे ठेवू नये. किडलेली फळे दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून मगच टाकावीत. मळ्याची ही स्वच्छता हाच या किडीवरील सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

नाव कोणाचे, लाभ कोणाला

जयपूरला येणारा प्रवासी सांगानेरला जाऊन ठशांची छपाई पाहतो आणि तेथेच कापड विकत घेतो. सांगानेरी छपाईला आणि जयपूरच्या निळ्या भांड्यांना भौगोलिक मानांकन आहे. कारागिराचे काम डोळ्यांदेखत पाहिल्यावर ग्राहक दोन पैसे अधिक द्यायला तयार होतो. कॉफीतही 2019 मध्ये कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, अरकू खोरे आणि बाबाबुडनगिरी या पाच ठिकाणांच्या कॉफीला असे मानांकन मिळाले. चिखलदऱ्याचे उत्पादन अल्प आहे, म्हणूनच तेथे नावाची शुचिता अधिक मोलाची. बाहेरून आणलेली पूड स्थानिक नावाने विकली गेली, तर मूळ उत्पादकाला भाव मिळणार नाही आणि फसलेला पाहुणाही परतणार नाही.

अरेबिकाची तोडणी आणि हिवाळी पर्यटनाचा हंगाम साधारण एकाच वेळी येतात. उत्पादकांनी गट करून पाहुण्यांना तोडणी, गर काढणे, वाळवणी व भाजणी दाखवावी. पाकिटावर बागेचे नाव आणि तोडणीचा हंगाम छापावा. स्थानिक कोरकू तरुणांना पक्षी व झाडे ओळखण्याचे प्रशिक्षण दिल्यास तेच उत्तम मार्गदर्शक ठरतील. फेरीच्या शुल्काचा काही भाग सावलीची झाडे राखण्यासाठी वेगळा काढण्याची अट गटाने सुरुवातीलाच घालून घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी पहिले पाऊल म्हणून येत्या हंगामाआधी प्रत्येक बागेतील सावलीच्या झाडांची गणना करावी. जातीनिहाय नोंद ठेवली आणि दरवर्षी ताडून पाहिली, तर पर्यटन बागेला पोसते आहे की पोखरते आहे, हे त्या आकड्यांवरून वेळेतच कळेल.