टेडीचा कान साच्यात का राहतो?

आमच्या ठाण्याच्या केक क्लासमधल्या बायका क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आल्या, की कुणाच्या तरी पिशवीतून आकाराचा साचा निघतोच. टेडी, फुलपाखरू, किल्ला, नाहीतर मधोमध नळी असलेला नागमोडी बंड्ट. मग फोन येतो, "ताई, केक मस्त फुगला हो, पण टेडीचा एक कान साच्यातच राहिला." साच्याला काय लावलं होतं विचारलं, की उत्तर ठरलेलं: बटर.

बटर इथे कामाचं नाही. त्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि थोडे दुधाचे कण. पाणी उडून जातं, कण तापून धातूला धरतात आणि केकलाही धरून ठेवतात. पिठातली साखर आणि अंड्यातली प्रथिनं तर उघडा धातू कुठे मिळतोय याचीच वाट पाहत असतात. साजूक तुपात पाणी नसतं, पण ते पातळ झालं की उभ्या भिंतीवरून ओघळून खाली जमतं. कान कोरडेच राहतात.

मी वनस्पती तूप, तेल आणि मैदा समान मापानं घेऊन मलईसारखं फेटते. वनस्पती घट्ट असल्यामुळे मिश्रण भिंतीला धरून राहतं, तेलामुळे ते ब्रशनं पसरतं आणि मैदा धातू व केक यांच्यामध्ये पडदा धरतो. बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं की बरेच दिवस पुरतं. चॉकलेट केकला मैद्याऐवजी कोको घाला, नाहीतर काळ्या टेडीला पांढरे डाग पडतात.

लावायला मऊ केसांचा ब्रश हवा. बोट डोळ्यांभोवतीच्या खाचेत शिरत नाही, नाकाखालच्या रेघेत तर नाहीच. साचा खिडकीपाशी तिरका धरून बघा, राहिलेली जागा चकाकते. थर पातळ ठेवा, खाचेत मिश्रण साचलं तर टेडीचा डोळाच बुजतो. आणि हे काम अगदी शेवटी, पीठ ओतायच्या आधी करा. मे महिन्यात तासभर आधी लावून ठेवलेला साचा बघा, सगळं तळाशी आलेलं असतं.

साचा कशाचा आहे, यावरही बरंच ठरतं. बंड्टचंच बघा. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये नॉर्डिक वेअर या भांड्यांच्या कंपनीच्या डेव्हिड डालक्विस्ट यांनी १९५० मध्ये तो बनवला, हदासा या ज्यू महिला संघटनेच्या स्थानिक बायकांच्या आग्रहावरून. त्यांना युरोपातल्या गुगलहुफ केकच्या साच्यासारखं भांडं हवं होतं. सुरुवातीला खप बेताचाच होता. १९६६ च्या पिल्सबरी बेकिंग स्पर्धेत एला हेलफ्रिच यांच्या बंड्टमध्ये भाजलेल्या ‘टनेल ऑफ फज’ केकला दुसरा नंबर मिळाला आणि मग त्या साच्यावर उड्या पडल्या. तो साचा जाड, ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा. सगळीकडून सारखा तापतो. बाजारातले स्वस्त साचे पातळ पत्र्याचे आणि काळे. त्यात नाक-कान आधी करपतात आणि करपलेली साखर डिंकासारखी धरते. अशा साच्याला ओव्हन १८० ऐवजी १६५ अंशांवर ठेवा.

कंडेन्स्ड मिल्कचा एगलेस केक जास्त चिकटतो, कारण त्यात साखर भरपूर आणि अंड्याचा आधार नाही. ऑर्डर एगलेसची असेल तर मी सरळ साधा गोल टिन सुचवते. गिऱ्हाइकाला ते आवडत नाही.

केक ओव्हनमधून बाहेर काढल्यावर साच्यातच १० मिनिटं जाळीवर ठेवा. लगेच उलटवला तर आतला स्टार्च बसलेला नसतो, केक मोडतो. पार गार होऊ दिला तर कडेची साखर घट्ट होते आणि कोंडलेल्या वाफेनं साल ओली पडते. १० मिनिटांनी साचा हलवून बघा. केक आत हलला की उलटवा. अडलाच तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल साच्यावर दोन मिनिटं ठेवा. सुरी घालू नका, नॉनस्टिक थर आणि टेडी दोन्ही जातात.

तेलाचे तयार स्प्रे मला पटत नाहीत. त्यातल्या काहींमधलं लेसिथिन नॉनस्टिकवर तापून पिवळट, चिकट थर धरतं आणि पुढचा केक त्यालाच अडकतो. तो थर दिसला तर कोमट साबणाच्या पाण्यात साचा भिजवून जुन्या टूथब्रशनं खाचा घासा. तारेची घासणी नको.

नवा साचा आणलात, तर वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात त्यात एक साधा व्हॅनिला केक करून बघा. कुठला कान अडतो ते तेव्हाच कळेल.