मागचा टायर जाड टाकताय? आधी त्यावरचे आकडे वाचा

आळंदीत राहून चाकण एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांचा रोजचा भरवसा बाईकवर. रस्त्यात ट्रक, खड्डे, खडी आणि पावसाळ्यात चिखल. मागचा टायर गुळगुळीत झाला की दुकानात हमखास प्रश्न येतो, "आहे तोच साइज टाकू की एक नंबर मोठा?" मोठा टायर दिसतो भारी, पण त्याने फक्त लूक बदलत नाही, गाडीची ठेवणच बदलते. कशी, ते बजाज पल्सर 150 वरून बघू. ही गाडी चाकणच्याच प्लांटमधली.

100/90-17 म्हणजे काय?

सिंगल डिस्क पल्सर 150 चा मागचा टायर 100/90-17 असतो. 100 म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. 90 म्हणजे प्रोफाइल : टायरच्या साइडची उंची रुंदीच्या 90 टक्के, म्हणजे 90 मिमी. 17 म्हणजे रिमचा व्यास, इंचात (सुमारे 432 मिमी). रिम अधिक दोन्ही बाजूंची साइड, झाली चाकाची पूर्ण उंची :

- 100/90-17 : सुमारे 612 मिमी
- 110/80-17 : सुमारे 608 मिमी
- 110/90-17 : सुमारे 630 मिमी
- 120/80-17 : सुमारे 624 मिमी

गंमत बघा. 110/80 आणि 110/90 ची रुंदी सारखीच, पण उंचीत 22 मिमीचा फरक!

गाडी मागून उचलली की पुढे काय होतं?

110/90 टाकला तर चाक 18 मिमीने मोठं होतं, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल 9 मिमी वर जातो. गाडी पुढे झुकते, सुमारे 0.4 अंश. पुढचे शॉकअप तेवढे उभे होतात आणि 'ट्रेल' कमी होतो.

ट्रेल म्हणजे काय? हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेष खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, त्यातलं अंतर म्हणजे ट्रेल. यामुळेच चालत्या गाडीचं चाक आपोआप सरळ होतं. ट्रेल घटला की गाडी पटकन वळते, पण स्पीडला हँडल हलकं लागतं. इथे फरक दोन-अडीच मिमीचाच आहे. पण पुढचा टायर झिजलेला असेल तर पुढची बाजू आणखी खाली येते आणि तो वाढतो.

शिवाय मोठं चाक म्हणजे गिअरिंग सुमारे 3 टक्के लांब. चढावर किंवा डबलसीट पिकअप थोडा मंद वाटतो.

जाड म्हणजे जास्त ग्रिप?

आपोआप नाही. वजन आणि हवा तेवढीच असेल तर रस्त्याला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, फक्त आकार बदलतो. आडवा जास्त, लांबीला कमी. वळताना टेकण्याची जागा मधून बाजूला सरकते. रुंद टायरमध्ये ती जास्त सरकते, म्हणून त्याच वळणाला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते. गाडी 'जड' लागते ती यामुळेच.

रिम अरुंद असेल तर टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि मधला भाग टोकदार होतो. मग वाढीव रुंदीचे पैसे फुकट.

कंपनीने काय केलं?

2018 च्या ट्विन डिस्क पल्सर 150 ला 120/80-17 मागचा टायर आला. पण नुसता टायर नाही. पुढचा 80/100 चा 90/90 झाला, शॉकअप जाड झाले, व्हीलबेस 1320 वरून 1345 मिमी झाला. म्हणजे अख्खी गाडीच त्या टायरच्या हिशोबाने जमवली.

दुकानात जाण्याआधी

- मॅन्युअलमधला साइज बघा. तोच सगळ्यात सेफ.
- रुंदी वाढवायचीच असेल तर प्रोफाइल कमी करा. 100/90 ऐवजी 110/80 मध्ये उंची जवळपास तीच राहते.
- तो टायर तुमच्या रिमच्या रुंदीवर चालतो का, हे टायर कंपनीच्या चार्टवर तपासा.
- चेन, मडगार्ड आणि स्विंगआर्म (गॅरेजवाल्यांचा चिमटा) यांना टायर घासत नाही ना, हे डबलसीट बसूनही बघा.
- साइजपुढचा कोड, उदा. 55P, म्हणजे 218 किलो भार आणि ताशी 150 किमी. जुन्यापेक्षा कमी कोडचा घेऊ नका.
- नवीन टायरवर पहिले शंभर किलोमीटर सांभाळून चालवा.

बजेट तेवढंच असेल तर एक नंबर जाड टायरपेक्षा मूळ साइजचाच, पण चांगल्या रबराचा टायर घ्या आणि हवा दर आठवड्याला टायर गार असताना तपासा. पावसात नाइट शिफ्टहून परतताना खरा उपयोग त्याचाच होतो.